भोकांचा गॉगल

"बाबासोला डोळा एक, पण भ्या दोन माणसांचं," असे मंगळवार पेठेतल्या त्या बोळात सर्रास बोलले जाई. बोलणाऱ्यांत गुंडू पुढे असे. तो शेजारच्याच खोलीत राहायचा आणि बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. "आमची वहिनी फोडणीत मोहरी टाकते आन ह्यो गडी भिंतीकडं तोंड करून बसतोय. दिवाळीत पोरं लवंगी लावत्यात, तर ह्यो दार लावून, गॉगल घालून आत बसलेला. भजी तळताना घालतोय का न्हाय तेवढं बघायचं ऱ्हायलंय." हे सारे बाबासोच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने बोलले जाई. बाबासो ऐकून घेई आणि सायकलीला टांग मारून उद्यमनगरच्या रस्त्याला लागे.

मोहरीचे खरे होते. दिवाळीचेही खरे होते. भज्यांचे मात्र गुंडूने पदरचे घातले होते.

बाबासोचा डावा डोळा ब्याण्णव साली गेला. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये तो ओतीव जॉबच्या कडा ग्राइंडरवर घासत असे. उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा, अंगातून घामाच्या धारा. गॉगलच्या काचेवर आतून वाफ धरली आणि समोरचे काही दिसेना. त्याने मशीन बंद केले, गॉगल कपाळावर सरकवला आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसायला हात वर नेला. मशीन त्याचे बंद होते, शेजारचे चालू होते. शेजारच्या दगडावरून उडालेला लोखंडाचा एक कण, बाजरीच्या दाण्याएवढासुद्धा नसेल, नेमका त्या क्षणी आला. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण डोळा राहिला तो नुसता दाखवण्यापुरता.

मालकाने त्याला कामावरून काढले नाही, पुढे वेल्डिंगवर घेतले. बाबासोने मात्र त्या दिवसापासून एक नेम केला. वर्कशॉपच्या पत्र्याखाली असेपर्यंत गॉगल डोळ्यांवरून हलवायचा नाही. इतकेच करून त्याचे समाधान झाले नाही. गॉगलला बाजूने हवेसाठी बारीक भोके असतात, ती त्याने एम-सीलने लिंपून टाकली. ज्या वाटेने हवा येते त्याच वाटेने कण येणार, हा त्याचा हिशेब होता. भोके बुजल्यामुळे काचेवर वाफ पूर्वीपेक्षा लवकर धरे. तशी ती धरली की तो काम थांबवी, चाचपडत अंगणात जाई, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राही, तिथे गॉगल काढून पुसे, पुन्हा चढवी आणि परत येई. पोरे हसत. पण नऊ वर्षांत त्याच्या उजव्या डोळ्याला धक्का लागला नव्हता आणि हा पुरावा त्याला पुरेसा होता.

त्याची एकुलती एक मुलगी संघप्रिया. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या एन.सी.सी.त होती. पहाटे उठून टेंबलाईच्या टेकडीवर पळायला जायची. दोन हजार एक सालच्या दिवाळीनंतर तिने घरी येऊन सांगितले, की हिमालयात बर्फावर घसरण्याचे, म्हणजे स्कीइंगचे शिबिर आहे आणि तिची निवड झाली आहे. महाविद्यालयातून ती एकटीच. कपडे, बूट, स्की सगळे तिकडेच मिळणार होते. डोळ्यांना लावायचा गॉगल तेवढा ज्याचा त्याने आणायचा होता. आणि वडिलांची संमतीची सही हवी होती.

त्याची बायको तानूबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिने पोरीकडे पाहिले नाही, नवऱ्याकडे पाहिले.

बाबासोला सरळ नाही म्हणता आले असते. पण बोळातल्या कुणाचीही पोर आजवर एवढ्या लांब, एवढ्या मानाने गेलेली नव्हती आणि संघप्रियाने ते स्वतःच्या पायांनी पळून मिळवले होते, हे त्याला कळत होते. शेवटी तो म्हणाला, "गॉगल माझ्या पसंतीचा मिळाला तर सही. न्हाय मिळाला तर न्हाय."

"एवढंच ना, आबा?" संघप्रिया म्हणाली. तिला ते सोपे वाटले.

बर्फाबद्दल विचारायचे तर बाबासोच्या ओळखीत एकच माणूस होता. मुरगूडचे जोतीराम सुभेदार. बर्फातल्या ठाण्यांवर राहून पलटणीतून निवृत्त झालेले, वर्कशॉपात ट्रॉलीची कामे घेऊन येणारे. बाबासो रविवारी एस.टी.ने त्यांच्याकडे गेला. सुभेदारांनी चहा पाजला आणि मोकळेपणाने जे सांगितले, त्याने बाबासोची झोप उडाली.

"पावणं, आपल्याकडचं ऊन वरनं येतंय. बर्फावर ते खालनंबी येतंय. आमच्यातल्या एका पोराचा गॉगल दरीत पडला, तसाच चालला दिवसभर. सांजच्याला डोळ्यात तापली वाळू घातल्यागत वरडाय लागला. दोन्ही हात धरून ठेवायला लागलं."

"बरा झाला का?" बाबासोने विचारले.

"झाला की. बर्फानं भाजलेलं डोळं बरं हुत्यात. पर तवर माणूस आंधळाच. आन पोरगी घसरणार हाय म्हणताय, म्हंजे पडणार. तवा काच नगो, फायबर बघा. फुटली तर डोळ्यात जायाची."

तापलेली वाळू काय असते हे बाबासोला सांगावे लागत नव्हते. वेल्डिंगचा आर्क उघड्या डोळ्यांना लागला की रात्री तेच होते. वर्कशॉपातल्या पोरांच्या पापण्यांवर बटाट्याचा कीस बांधताना त्याने ते पाहिले होते. परतीच्या गाडीत त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत राहिले. एक डोंगर, सगळाच्या सगळा आर्कसारखा पेटलेला, आणि त्यावर कुठेतरी त्याची पोर. आडोशाला भिंत नाही. तोंड फिरवायला जागा नाही.

मग शोध सुरू झाला. बापलेकीने बाजार पालथा घातला. चष्म्याच्या दुकानात बाबासो गॉगल उचली, दारात येई, उन्हाकडे धरी आणि खाली ठेवी. त्याची कसोटी एकच होती. सूर्य जितका मंद दिसेल तितका गॉगल चांगला. त्याला पसंत पडले ते रस्त्यावरचे, काळे कुट्ट. संघप्रियाला ते पटेना.

"आबा, काळं असणं वेगळं आणि डोळ्याला भाजणारा किरण अडणं वेगळं. तो किरण दिसतच नाही. उलट काळ्या काचेमागं बाहुली मोठी होते आणि तो जास्तच आत जातो."

"दिसतच न्हाय तर आडला का न्हाय ते कुणाला इचारायचं?"

तिने त्याला गुजरीत, सराफांच्या गल्लीत, नेले. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांचे तिथे सराफी दुकान होते आणि गल्ल्याशेजारी नोटा पारखायचा जांभळा दिवा होता. त्याच्या उजेडात खऱ्या नोटेवरची काही खूण चमकते. संघप्रियाने नोटेवर रस्त्यावरचा काळा गॉगल धरला. त्यातूनही खूण मंद चमकत राहिली. "बघा. हा एवढा काळा, पण किरण आत सोडतोय."

बाबासोने वाकून, उजवा डोळा जवळ नेऊन पाहिले. काळा गॉगल त्याने खाली ठेवला. एवढे त्याने मान्य केले.

तिथून ती त्याला अतुलच्या गॅरेजवर घेऊन गेली. अतुल बाबासोचा सख्खा भाचा. मोटारसायकली दुरुस्त करायचा आणि मातीतल्या शर्यतीत पळवायचाही. त्याच्याकडे शर्यतीचा एक गॉगल होता. रुंद फायबरची काच, चेहऱ्याला टेकणारी जाड स्पंजाची कड, हेल्मेटवरून ओढून घ्यायचा पट्टा. काच बदलता येत होती. एक तपकिरी, एक फिकट पिवळी. संघप्रियाने दोन्ही काचा आधीच जांभळ्या दिव्याखाली धरून पाहिल्या होत्या. दोन्हींखाली नोटेवरची खूण विझत होती.

"उन्हात तपकिरी," ती म्हणाली. "ढग आले, धुकं पडलं की पिवळी. नाहीतर बर्फावरचा उंचवटा कळत नाही म्हणे."

बाबासोने गॉगल हातात घेतला, उलटा केला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तो जागच्या जागी थबकला. वरच्या आणि खालच्या कडेला ओळीने भोके होती. आतून पातळ स्पंज लावलेला होता, पण भोके ती भोकेच.

"ह्याला भोकं हायती," तो म्हणाला.

"मामा, ती हवेला असत्यात," अतुल म्हणाला. "धुरळ्यात एवढा पळवलाय, एक खडा आत आला न्हाय."

"मला कण आला तवा कुठनं आला?"

"तवा तुम्ही गॉगल कपाळावर नेलता, मामा."

हे कुणी त्याला तोंडावर म्हटले नव्हते. बाबासोचा चेहरा उतरला. त्याने गॉगल बाकड्यावर ठेवला आणि तो चालू लागला. मागून संघप्रियाच्या हाका ऐकू येत होत्या. तो थांबला नाही.

पुढचे दिवस तो कामावरून उशिरा येऊ लागला. एका संध्याकाळी त्याने जेवणाआधी खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून संघप्रियापुढे ठेवली. त्याने स्वतः बनवलेला गॉगल होता. गॅस कटिंगच्या गॉगलची रबरी चौकट, तिला फायबरची गडद हिरवी काच, डोक्यामागून घ्यायला रुंद पट्टा. काम सुबक होते. आणि भोके सगळी एम-सीलने लिंपून, वरून कानशीने घासून गुळगुळीत केलेली होती. बोट फिरवले तर तिथे कधी भोक होते हे कळले नसते.

"आता उजेडाला वाटच न्हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात महिन्याभरानंतर पहिल्यांदा थोडी उसंत होती. "फकस्त एक ध्यानात धर. काय बी झालं, कितीबी वाफ धरली, तरी डोंगरावर असताना काढायचा न्हाय. काढायचा तर खाली येऊन, भिंतीकडं तोंड करून."

"आबा, तिथं भिंत कुठली?"

त्याने काचेवरून रुमाल फिरवला.

"पोरगी इचारतीया त्याला उत्तर द्या की," तानूबाई म्हणाली.

बाबासो म्हणाला, "आपण बर्फावरच बघू. गुंडूच्या कारखान्यात."

गुंडूला हे सांगितले तेव्हा तो मनापासून हसला. "पोरीला लादीवर बसवून ढकलू म्हणतोस? चल लेका. बर्फ काय, पायजे तेवढा हाय."

रविवारी दुपारी तिघे बर्फाच्या कारखान्यात गेले. दाराशीच अमोनियाचा उग्र वास नाकात घुसला. आतल्या कोठीत लाद्या एकावर एक रचलेल्या होत्या, पुरुषभर उंचीच्या, निळसर, आणि त्यांच्या अंगातून धूर निघावा तशी थंड वाफ निघत होती. बाबासोने वर्कशॉपातून मोठा हॅलोजनचा दिवा आणला होता. खालून येणारा उजेड आत शिरतो का, हे त्याला पाहायचे होते. त्याने दिव्याचा झोत लादीवर सोडला. कोठी एकदम पांढरी झाली. त्याच्या स्वतःच्या उजव्या डोळ्यात पाणी आले.

संघप्रियाने अंगात दोन स्वेटर घातले होते आणि शिबिरात असेल तसे वाटावे म्हणून ती बाहेर अंगणात धावून, धाप लागेपर्यंत उड्या मारून आली होती. तिने गॉगल चढवला.

"उजेड येतोय का खालनं?"

"नाही, आबा."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

बाबासोने श्वास सोडला. "आता चालून दाव. त्या टोकापतुर."

ती निघाली. लाद्यांच्या मधली वाट अरुंद होती आणि ओल्या फरशीवर बर्फाचा चुरा पसरला होता. त्या टोकाला गुंडू, गिऱ्हाईक आले म्हणून, एक लादी टोच्याने फोडू लागला होता. टोचा आपटला की बर्फाच्या कपच्या खणकन उडत.

चार-पाच पावले ती नीट चालली. मग तिची चाल मंद झाली. तापलेल्या चेहऱ्याचा दमट श्वास त्या बंद चौकटीत कोंडला होता आणि थंड काच आतून पांढरी होत चालली होती. तिने एक हात पुढे धरला. तो लादीला लागला, घसरला. तिचा पाय चुऱ्यावरून सरकला.

"आबा, काही दिसत नाही."

"काढू नगंस," तो म्हणाला.

"गुंडूकाका कुठं आहेत?"

"काढू नगंस, थांब तिथंच."

पण पाय पुन्हा सरकला, आणि जे कुठल्याही माणसाने केले असते तेच तिने केले. तिचा उजवा हात वर गेला. अंगठा गॉगलच्या खालच्या कडेखाली शिरला आणि गॉगल कपाळाकडे सरकू लागला.

तो हात बाबासोने ओळखला. नऊ वर्षे तो हात त्याच्या स्वप्नात येत होता, फक्त स्वप्नात तो त्याचा स्वतःचा असे. तेच कोपर, तीच घाई, कपाळाकडे जाणारा तोच अंगठा. त्याला एवढेच दिसत होते, की पलीकडे टोचा वर उचललेला आहे.

टोचा खाली आला. एक कपची उडाली आणि संघप्रियाच्या गालाच्या हाडावर, डोळ्याच्या अगदी खाली बसली.

"आई गं," असे हलकेच म्हणून ती खाली बसली.

गुंडूच्या हातातून टोचा गळून पडला. बाबासो तिच्यापर्यंत कसा पोचला हे त्याला आठवत नाही. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि दिव्याकडे वळवला. गालावर रक्ताची एक बारीक रेघ होती. "डोळा उघड," तो म्हणत होता. "उघड डोळा. पोरी, उघड."

तिने उघडला. काळी बाहुली, बुबुळाभोवतीचे पांढरे स्वच्छ. त्याने आपला अंगठा तिच्यापुढे धरला. "किती?"

"एक, आबा. एकच आहे. बर्फ होता. लागलं नाही फारसं."

त्याने तिच्या कपाळावरचा गॉगल काढून घेतला आणि काचेवर बोट फिरवले. बोटाला पाणी लागले. वर्कशॉपात मशीन थांबते, अंगण असते, भिंत असते. उतारावर घसरणारी पोर कुठे थांबणार होती? तिथे काच पांढरी झाली तर तिने एक तर आंधळे होऊन घसरायचे, नाही तर हात वर न्यायचा. आणि त्या हाताला भाग पाडणारी गोष्ट त्याने स्वतःच्या हातांनी, कानशीने घासून, गुळगुळीत करून दिली होती.

गुंडू पांढराफटक पडून शेजारी उभा होता.

कारखान्यातून बाबासो घरी गेला नाही. संघप्रियाच्या गालावर रुमाल दाबून धरायला लावून, तिला सायकलीच्या दांडीवर बसवून तो थेट अतुलच्या गॅरेजवर गेला. अतुल एका मोटारसायकलीखाली उताणा होता. तो बाहेर आला, त्याने मामेबहिणीच्या गालाकडे पाहिले, मग मामाकडे पाहिले.

"तो भोकांचा गॉगल दे," बाबासो म्हणाला.

अतुलने काही न विचारता तो आणून दिला. बाबासोने तो तसाच घेतला नाही. तिथल्या तिथे त्याने संघप्रियाला तो घालायला लावला, गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन यायला सांगितले, एकदा नाही, तिची धाप लागेपर्यंत. मग पाण्याच्या टाकीतले गार पाणी ओंजळीने काचेवर ओतून पाहिले. काचेवर कडेला थोडी वाफ धरली आणि बघता बघता गेली. त्याने भोकांवरचा स्पंज नखाने दाबून पाहिला. एका ठिकाणी तो सुटला होता, तिथे त्याने अतुलकडून डिंक मागून, श्वास रोखून, भोकावर एक थेंबही न सांडू देता तो चिकटवला. मग पिवळी काच काढून तपकिरी कशी बसवायची हे तिच्याकडून इतक्यांदा करवून घेतले, की अतुल म्हणाला, "मामा, काच झिजंल."

सही त्याने संध्याकाळी केली. करताना तानूबाईकडे पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय. मी तर तिच्यापेक्षा तुमालाच भ्यालीया."

संघप्रिया फेब्रुवारीत गेली. स्टेशनावर तिला पोचवून आल्यावर बाबासोच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. आर्क पेटवला की त्याला तो डोंगर दिसे. त्याच्याकडे आता भ्यायला कारणही उरले नव्हते. किरण अडत होता, काच फायबरची होती, वाफ धरत नव्हती. तरीही रोज कामावरून येताना तो कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथपाशी सायकल उभी करी आणि आत बसलेल्या बाईला विचारी, "आमचा कॉल?" ती मान हलवी. शिबिराच्या मध्यावर एकदाच तिचा कॉल आला. आवाज तुटत होता. त्याने तब्येत विचारली नाही, जेवण विचारले नाही.

"वाफ धरती का?"

"नाही, आबा. काल धुकं होतं. पिवळी घातली."

"हात वर नेलास का?"

"एकदाही नाही."

पलीकडे कुणीतरी तिला घाईने बोलावत होते. फोन बंद झाला. बाबासो रिसीव्हर कानाला तसाच धरून उभा राहिला. मागचा माणूस शेवटी म्हणाला, "पावणं, आमाला बी बोलायचंय."

महिनाअखेरीस ती परतली. बोळातल्या बायका आधी हसल्या आणि मग जवळ येऊन बघू लागल्या. तिचा सारा चेहरा उन्हाने करपून काळा पडला होता. नाकाची साल निघाली होती. फक्त डोळ्यांभोवती, कपाळापासून गालाच्या हाडापर्यंत, जिथे कपचीचा बारीक व्रण होता तिथवर, गॉगलच्या आकाराचा रुंद पट्टा पूर्वीसारखाच होता. गॉगल एकदाही हलला नव्हता, हे त्या पट्ट्याच्या सरळ कडेवरून कुणालाही दिसत होते. बाबासो दारात बसून त्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

संध्याकाळी गुंडू आला. कारखान्यातल्या त्या दुपारपासून तो बाबासोला एका शब्दानेही चिडवत नव्हता. आज पोरीचे दोन्ही डोळे धड पाहून त्याला पुन्हा कंठ फुटला. आत तानूबाईने पोर आली म्हणून भज्यांची कढई ठेवली होती. तेल चरचरले आणि बाबासोने सवयीने भिंतीकडे तोंड फिरवले.

"बाबासो," गुंडू म्हणाला, "पोरगी हिमालयातनं घसरून आली. डोळं जाग्यावर हायती. आता तरी भ्यायचं सोडशील का न्हाय?"

बाबासो भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "न्हाय. पुढल्या साली ती परत चाललीया."